बंकटआप्पाचे दोन दहावे

माझ्या सख्ख्या चुलत्याचा दहावा दोनदा झाला. पहिला झाला तेव्हा ते स्वतः नगरला बाकावर बसून पाद्र्याचं शिकवणं ऐकत होते. दुसरा मी केला. पहिल्याच्या वेळी मी आईच्या पोटात होतो, म्हणून त्यातलं जे सांगतो ते आईच्या तोंडून ऐकलेलं. माझी आई केसरबाई तिखटमीठ लावून सांगणारी नव्हती. उलट सांगताना हातचं राखायची. किती राखलं होतं ते मला फार उशिरा कळलं.

बीडकडच्या नांदूरघाट गावात आमची जमीन बरी होती. भाऊ दोन. थोरले मोहनराव म्हणजे माझे वडील आणि धाकटे बंकटआप्पा. वडील मोजकं बोलणारे, गावाच्या शब्दाबाहेर न जाणारे. आप्पांचं सगळं उलटं. आमच्याकडे ‘का’ म्हणायचं तर ‘कावून’ म्हणतात आणि आप्पांच्या तोंडी दिवसभर तेच. कुलकर्ण्याच्या ओसरीवर बसून ते मोडी आणि बाळबोध शिकले, तेवढ्यावर श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायचं काम त्यांच्याकडे आलं. आवाज गोड होता. पण पोथी ऐन रंगात आली की हे थांबायचे आणि म्हणायचे, “पर देवानं आसं कावून केलं आसंल?” म्हाताऱ्या वैतागायच्या. “आरं बाबा, तू म्होरं वाच की. देवाचं देव बघून घील!” गावानं त्यांचं नावच कावूनबुवा ठेवलं.

तोवर सगळं हसण्यावारी होतं. मग प्लेग आला. लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले आणि तशाच एका झोपडीत आप्पांची पोर गेली. अंजना तिचं नाव. नुकती बोलायला लागली होती. प्लेग ओसरल्यावर एक कीर्तनकार गावात आले, त्यांनी घरी येऊन चार शब्द सांगितले. मागच्या जन्मीचं काही देणं असतं, ते फेडून लेकरू गेलं, असं ते म्हणाले.

“जिला धड बोलता येत न्हाई तिला कसं कळावं शिक्षा कशाची हाय?” आप्पा म्हणाले. “आन मागच्या जन्माची शिक्षा तवाच कावून न्हाई दिली?”

बुवांनी वीणा उचलली आणि दुसऱ्या गावचा रस्ता धरला. आप्पा मग ज्याला त्याला विचारत सुटले. जोशीबुवाला, दर्ग्यावरच्या मुजावराला, वाटेनं जाणाऱ्या गोसाव्याला. फक्त बायकोला विचारलं नाही. मनकर्णा, म्हणजे माझी काकू. पोर तिचीही होती. पण ती चुलीपाशी बसून भाकरी थापायची आणि नवरा बाहेर जगाशी वाद घालत फिरायचा. मला अजूनही ह्याचा राग येतो.

नेकनूरच्या बैलबाजारात आप्पांना हरिबा मास्तर भेटले. मास्तर जन्मानं महारवाड्यातले, आष्टीकडचे, पुढे ख्रिस्ती होऊन उपदेशक झालेले. बाजाराच्या कडेला लिंबाखाली उभं राहून टाळ वाजवत येशूचं कीर्तन करायचे. गर्दी होती ती निम्मी टिंगल करायला आलेली. आप्पांनी मधेच आपला प्रश्न टाकला. मास्तरांनी टाळ खाली ठेवला आणि म्हणाले, “लई मोठं इचारलंत. मला ह्याचं उत्तर येत न्हाई. पर आमच्या कालेजात ह्येच शिकिवत्यात. तिथं एक नवा सायब आलाय, त्याला मराटी शिकवायला मानूस पायजे. या की.”

‘येत नाही’ असं म्हणणारा माणूस आप्पांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. बैल न घेताच ते घरी आले. वडिलांना सांगितलं की नगरला साहेबाला मराठी शिकवायची चाकरी लागली. हे खोटं नव्हतं. वडिलांनाही वाटलं, चार दिवस डोकं ठिकाणावर येईल. निघताना आप्पा उंबऱ्यापाशी थांबून काकूला म्हणाले, “उत्तर घिऊन येतो.” तिनं कुठला प्रश्न विचारला होता?

नगर म्हणजे इंग्रजांचा मुलूख, आपली निजामाची मोगलाई ओलांडून पलीकडे. तिथलं ते कॉलेज धर्मोपदेशक घडवायचं. दगडी इमारत, घंटा, ओळीनं बाकं. सकाळी आप्पा नव्या साहेबाला ‘बैल’ आणि ‘बाईल’ ह्यातला फरक शिकवायचे आणि दुपारी शेवटच्या बाकावर बसून देवशास्त्र ऐकायचे. एवढी मुभा त्यांना दिली होती. पुढं मी मोठा झाल्यावर ते मला ह्या दिवसांचं सांगत, तेव्हा त्यांचा चेहरा उजळायचा. जगात असं एक ठिकाण आहे जिथं घंटा वाजवून माणसांना प्रश्न विचारायला बसवतात, ह्याचंच त्यांना अप्रूप होतं. देव दयाळू आणि सर्वशक्तिमान, तर दुःख कुठून आलं? कृपा मिळते की मिळवावी लागते? मेलेला उठतो म्हणजे कोणत्या देहानं उठतो? आप्पा म्हणायचे, “राधाकिशन, मला वाटलं आपुन आपल्या गावात पोचलो.”

पण ते त्यांचं गाव नव्हतं. विद्यार्थी सगळे ख्रिस्ती, एका पंगतीला जेवणारे. आप्पा आवाराच्या कोपऱ्यात लिंबाखाली तीन दगड मांडून आपली भाकरी वेगळी भाजायचे. त्यांना ह्यांचा विटाळ नको आणि ह्यांनाही त्यांचा सोवळेपणा टोचायचा. रविवारी त्यांच्या देवळात प्रभुभोजन असे. भाकरीचं ताट हातोहात बाकावरून फिरायचं. आप्पांपाशी आलं की शेजारचा हात लांबवून ते पलीकडच्याला द्यायचा, कारण बाप्तिस्मा न घेतलेल्यानं ते घ्यायचं नसतं. दर रविवारी ते ताट त्यांच्या छातीपुढून असं जायचं. “भूक नव्हती रे,” ते म्हणायचे, “पर हात उगंच उचलाया बघायचा.”

उत्तराचं काय झालं तेही सांगतो. कॉलेजच्या थोरल्या साहेबानं शिकवलं की पहिल्या माणसानं आज्ञा मोडली, ते पाप प्रत्येक लेकराच्या रक्तात उतरतं. आप्पा उठून उभे राहिले.

“म्हंजे माज्या पोरीच्याबी?”

“सर्वांच्या,” साहेब म्हणाले.

“आमचा बुवा म्हनतो, पोरीचं मागच्या जन्मीचं पाप. तुमी म्हनता, पहिल्या बापाचं. दोगंबी पोरीवरच कावून लादता? देवाच्या अंगावर कुनीच कसं काई येऊ देत न्हाई?”

साहेब भला माणूस होता. तो रागावला नाही, डोळे मिटून आप्पांसाठी प्रार्थना करू लागला. सगळ्या वर्गानं माना खाली घातल्या. उघड्या डोळ्यांचे तेवढे आप्पाच उभे होते. ते म्हणायचे, त्या घटकेइतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पुढं काय वाढून ठेवलंय हे तेव्हा ठाऊक नव्हतं ना.

दुसऱ्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला. लिंबाखाली पडून होते. शुद्ध हरपेपर्यंत कोणाच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि हरपल्यावर हरिबा मास्तरांनी उचलून आवारातल्याच आपल्या खोलीत नेलं आणि चमच्यानं पाणी पाजलं. शुद्धीवर आल्यावरही आप्पांनी तेच पाणी मागितलं, हे मुद्दाम सांगायला हवं. ताप उतरावा म्हणून डॉक्टरनं डोकं भादरलं होतं, त्यात शेंडीही गेली.

त्याच सुमारास आमच्या गावचा व्यापारी सुंदरराव सरकी घेऊन नगरला गेला होता. त्याला वाटेत आप्पा दिसले. पांढरी बंडी, गुळगुळीत डोकं, हरिबा मास्तरांच्या खांद्यावर हात. सुंदररावानं जवळ जाऊन ‘बंकट, बरा हायस का?’ एवढं विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आपल्याकडे शेंडी तुटली म्हणजे माणूस बाटला, ह्यात विचारायचं ते काय? तो रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला गेला आणि गावात येऊन पारावर बसला.

बाटलेला माणूस घरच्यांना मेला. त्याचं क्रियाकर्म केलं नाही तर सगळ्या घराला गाव तोडणार. वडिलांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी गावाचं ऐकलं. दर्भाचा आणि कणकेचा पुतळा करून नदीकाठी जाळला. आपल्या हातानं भावाचा पुतळा वडिलांनीच पेटवला. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा असा झटक्यात शिवला की जोशीबुवासुद्धा चकित झाले. गावाची खात्रीच पटली. कावळ्यालाही आयतं जेवण आवडतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

काकूच्या बांगड्या बायकांनी दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं. गळ्यातली सौभाग्याची काळी पोत तोडायला हात घातला तेव्हा ती म्हणाली, “म्या तोडते,” आणि आतल्या खोलीत गेली. बाहेर येऊन तिनं चार काळे मणी माझ्या आईच्या तळहातावर ठेवले. आईनं ते नदीत सोडले. वय विशीच्या आतबाहेर, आणि ती विधवा झाली. नवरा तिकडे जिवंत, खडखडीत बरा होत होता.

त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. वर्षभरानं शिक्षण संपत आलं तेव्हा साहेबानं विचारलं, आता बाप्तिस्मा घेतोस ना? आप्पांच्या मनातून घ्यायचा होता. हरिबा मास्तरांसाठी तरी घ्यायचा होता. साहेबानं विचारलं, “विश्वास ठेवतोस का?” आप्पांनी पुष्कळ विचार करून सांगितलं, “निम्मा.” निम्म्यावर बाप्तिस्मा देत नाहीत. खोटं बोलले असते तर उपदेशक झाले असते, पगार, खोली, पंगतीत जागा, सगळं मिळालं असतं. शेंडी पुन्हा वाढली होती. हरिबा मास्तर त्यांना वेशीपर्यंत पोचवायला आले, आणि दोघं बाप्ये रस्त्यात रडले.

हद्दीवर निजामाच्या करोडगिरीचा नाका होता, येणाऱ्या मालावर जकात घेणारा. तिथल्या शिपायानं गाठोडं चाचपून विचारलं, “क्या लाया बे उधर से?”

“कुछ नहीं,” आप्पा म्हणाले.

ते मला म्हणायचे की तेव्हा त्यांना हसू आलं होतं. कारण एक गोष्ट आणली होती. चालता चालता त्यांना पहिल्यांदा सुचलं होतं की पोरीच्या आईशी आपण पोरीबद्दल एक शब्दही बोललो नाही. घरी गेल्यावर हातपाय धुवायचे, चुलीपाशी बसायचं आणि मनकर्णेला म्हणायचं, अंजनाचं काहीतरी सांग. बस, एवढं ठरवून ते आले होते.

गावाच्या आडावर पाणी भरणाऱ्या बायांनी त्यांना पाहिलं आणि घागरी टाकून पळाल्या. घराच्या दारात वडील उभे होते. त्यांच्यामागे ओसरीच्या कडेला काकू. कपाळ पांढरं, हात बुच्चे. आप्पांनी ते पाहिलं आणि विचारलं, “कोन गेलं?”

वडील म्हणाले, “तू.”

देवळापुढे गाव जमलं. आप्पांनी शेंडी दाखवली, बाप्तिस्मा घेतला नाही हे मारुतीची शपथ घेऊन सांगितलं. लोक चुळबुळले. चूक झाली हे कळलं होतं, पण गावाची चूक गावानं कबूल करायची पद्धत नसते. जोशीबुवा पोथी बघून म्हणाले, “उपाय हाय. क्रिया झालेला मानूस जिता परतला, तर त्याचा पुन्ना जन्म करायचा. तुपापान्याच्या घंगाळात गुडगे पोटाशी घिऊन, मुठी आवळून, गप बसायचं. सुईन भायेर काढंल. नाळ कापल्यावानी करायचं, पाळन्यात घालून नाव ठिवायचं. मंग आपल्याच बायकूशी पुन्ना लगीन.”

मिशाळ बाप्या मावेल एवढा पाळणा कुठून आणायचा, अशी चर्चा लगेच सुरू झाली. सुतार हातानं माप घेऊ लागला. हसण्यासारखंच आहे, मीही हसतो. पण वडिलांच्या चेहऱ्यावर आशा आली होती, आणि भिंतीआड उभ्या बायकांत काकूही होती.

“त्याआदी प्राश्चित घ्यायचं,” जोशीबुवा म्हणाले. “नगरच्या त्या किरिस्तावाच्या हातचं पानी पिलास का न्हाई?”

“पिलो. मरत व्हतो.”

“मंग म्हन, पाप केलं, चुकलो. तेवडं म्हन, झालं.”

“चुकलो कावून म्हनू?” आप्पा म्हणाले. “त्यानं पाजलं म्हनून तुमच्यापुढं हुबा हाय. तुमी मला जितं आसताना जाळलं, त्यानं मरताना जगिवलं. आन पाप त्याच्या पान्यात? शुद्द व्हायचं तर आदी बाटलो म्हनावं लागंल, जन्मायचं तर मेलतो म्हनावं लागंल. मी मेलो न्हाई. म्या खोटं तिथं न्हाई बोललो, हितं कावून बोलू?”

वडिलांनी हात जोडले. “बंकट, नुसतं तोंडानं म्हन. मनकर्णेकडं बघून म्हन.”

आप्पा म्हणाले नाहीत. तत्त्व म्हणून मी त्यांच्या बाजूचा आहे. माणूस म्हणून मला त्या भिंतीमागच्या बाईचं काय झालं असेल ते मनात येऊ नये असं वाटतं. आईनं तिला हाताला धरून घरी आणलं.

झालं. त्या दिवसापासून आप्पा नाल्याकाठच्या आमच्या लांबच्या रानात खोपी घालून राहिले. तिथवर वडिलांनी गावाला नमवलं, की मेलेल्याचं भूत रानात राहिलं तर कोणाचं काय जातं. राखण करायचे, ज्वारी काढायचे. बांधावर एका दगडावर रोज भाकरी ठेवली जायची आणि ठेवणारा गडी मागं न बघता निघायचा. आळीतल्या बायका खुरपायला आल्या की आप्पा नाल्यापलीकडे जाऊन बसायचे. काकूही खुरपायला असायची. लांबून दिसायची, वाकलेली, डोक्यावरून पदर घेतलेली. देवळात भजन चालायचं तेव्हा आप्पा बाहेर अंधारात उभं राहून ऐकायचे आणि संपायच्या आत निघायचे. पुढं मांगवाड्यात काही घरं ख्रिस्ती झाली, एक उपदेशक येऊ लागला. त्यानंही आप्पांना टाळलं, कारण दारापर्यंत येऊन परत फिरलेला माणूस त्याच्या लोकांना दाखवायच्या लायकीचा नव्हता. रविवार मात्र ते पाळायचे. धुतलेली बंडी घालून नगरच्या रस्त्याकडे तोंड करून बसायचे. प्रार्थना करत नव्हते, नुसते बसायचे.

पितृपक्षात आमच्या घरी बंकटआप्पांचं पान निघायचं. खीर, वडे, भाजी, सगळं छपरावर कावळ्याला. त्याच दिवशी आई तेच जेवण बांधावर पाठवायची. आपल्याच श्राद्धाचं जेवलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्या दिवशी आप्पा गड्याच्या हाती आईला निरोप द्यायचे. दर साल एकच. “वयनी, तिला इचारा, तीबी मला मेला समजती का?”

सगळ्या जगानं त्यांना मेलेलं ठरवलं होतं, ह्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. एका माणसानं जिवंत म्हणावं, एवढीच भूक उरली होती. आई तो निरोप चुलीपाशी सांगायची. काकू भाकरी थापत राहायची. उत्तर काही जायचं नाही. आप्पा वर्षभर थांबायचे आणि पुन्हा विचारायचे.

मी बीडला उर्दू शाळेत शिकून परतलो, तेव्हापासून सरळ खोपीवर जाऊन बसू लागलो. जित्या माणसाला मेला म्हणायला माझी जीभ रेटेना. वडील बघून न बघितल्यासारखं करायचे. तिथंच मी त्यांचं सगळं ऐकलं. एकदा चिडून म्हणालो, “आप्पा, सोता जाऊन इचारा की. उंबऱ्यापत्तुर चला, मी यतो संगं.”

“आन ‘व्हय’ म्हनली तर?” ते म्हणाले. “आत्ता निदान ठावं न्हाई.”

ज्या माणसानं साहेबाला, बुवाला, देवाला सोडलं नाही, तो एका बाईच्या उत्तराला भीत होता. मला त्यांची कीव आली, आणि मी तो विषय पुन्हा काढला नाही.

एका हिवाळ्यात सकाळी गडी भाकरी ठेवायला गेला तर आदल्या दिवशीची तशीच. आप्पा खोपीत पांघरुणात आखडून पडले होते, गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या. गेले होते.

आता पंचाईत आली ती वेगळीच. जोशीबुवांचा मुलगा म्हणाला की ज्याचं एकदा झालं त्याचं पुन्हा करता येत नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “मंग ह्यो कोन हाय? जाळायचा का कोल्ह्याला द्यायचा?” वडील पार थकले होते. ते काठी टेकत पुढं आले आणि म्हणाले, “राधाकिशन करंल. कुनाला यायचं त्यानं यावं.” वडिलांनी गावाला न विचारता केलेली ही पहिली गोष्ट. आश्चर्य म्हणजे पुष्कळ लोक आले.

दहाव्याला नदीकाठी मी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे बसलेले. एकही खाली येईना. ऊन चढलं. माणसं एकेक वचन देऊ लागली. कोणी म्हणालं, खोपीवर दिवा लावू. म्हातारा सुंदरराव पुढं झाला, हात जोडून म्हणाला, “बंकट, म्या इचारायला पायजे व्हतं.” कावळा हलेना. वडील पिंडापुढं बसून ओक्साबोक्शी रडू लागले.

तेवढ्यात मागं गलबला झाला. वळून पाहिलं तर काकू येत होती, आणि तिच्यामागं आई. आमच्याकडे बायका ह्या कामाला नदीवर येत नाहीत. जोशीबुवांचा मुलगा म्हणाला, “तुमी कावून आलात? तुमचं तर तवाच झालं.”

काकू त्याच्याकडे न बघता सरळ पिंडापाशी आली. केस पांढरे झाले होते. तिनं पदराखाली, चोळीच्या आत हात घातला आणि गळ्यातून काहीतरी वर ओढलं. काळी पोत. दोरा घामानं तपकिरी झालेला, मणी झिजलेले.

“माय!” कोणीतरी म्हणालं.

“तवा तुमी बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं,” काकू म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “पोत म्या न्हाई तोडली. चार मनी काडून दिले. मानूस जितं हाय, आसं माजं मन सांगत व्हतं. मंग तर डोळ्यानंच दिसलं. तवापासून ही गळ्यात हाय. केसरबाईला ठावं हाय.”

मी आईकडे पाहिलं. ती तोंडात पदर कोंबून रडत होती.

“आई, मंग आप्पाला कावून न्हाई सांगितलं?” मी ओरडलोच. “दर साल इचारत व्हते!”

उत्तर आईनं दिलं नाही, काकूनं दिलं. “म्या शपत घातलती तिला. दर साल जावंच्या तोंडून सांगावा धाडायचं. साऱ्या दुनियाला कावून कावून इचारीत फिरलं ते मानूस. माजी पोर गेली तवा माज्यापाशी बसलं न्हाई. देवळापुढं मला तोडली, तवाबी मला इचारलं न्हाई. एकदा उंबऱ्यापत्तुर यून सोता इचारलं आसतं, तर तितंच काडून दाखिवली आसती. मग ते गाव काय आन पाळना काय, मी उटून खोपीवर गेली आसते.”

ती खाली बसली. दोन्ही हातांनी पोत धरून ओढली. दोरा जुना होता तरी चटकन तुटेना. तिनं दातात धरून तोडला.

“आता गेले ते,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

मणी वाळूत पांगले. आई खाली बसून ते गोळा करू लागली, मीही बसलो, मग वडील, मग जोशीबुवांचा मुलगासुद्धा. कावळा पिंडाला केव्हा शिवला ते आमच्यातल्या कोणीच पाहिलं नाही.